जुन्या गाडीचा भाव कोण ठरवतो?



दिवाळीनंतर कापसाचे चुकारे हातात पडू लागले की तालुक्याच्या रस्त्यावरची जुन्या गाड्यांची दुकाने गजबजतात. पत्र्याचे शेड, खाली ओळीने उभ्या केलेल्या, धुऊन पॉलिश मारलेल्या गाड्या आणि दलालाच्या तोंडी एकच वाक्य, "एका हातची गाडी आहे, डॉक्टरची आहे." या डॉक्टरांनी इतक्या गाड्या कधी वापरल्या आणि कधी विकल्या, हे कोणी विचारत नाही. वर्षभराच्या घामाचे दोन-तीन लाख रुपये एका दुपारी तिथे जातात. म्हणून या विषयावर बोलणे भाग आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. कोरडवाहू शेतकऱ्याने चारचाकी घ्यावी की नाही, यावर प्रवचन देण्यासाठी हा लेख नाही. "कर्जमाफी मागतात आणि दारात गाड्या उभ्या करतात" असे म्हणणारे शहरात पुष्कळ आहेत. रात्री दोन वाजता बाळंतीण तालुक्याला न्यायची असेल, सापाने डसलेला माणूस वेळेत दवाखान्यात पोचवायचा असेल आणि गावाला येणारी एकुलती एसटी बंद झालेली असेल, तर गाडी ही चैन नाही. गाडी जरूर घ्यावी, त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. पण घेताना व्यापाऱ्याच्या डोळ्याने घ्यावी. माझे म्हणणे एवढेच आहे की जुन्या गाडीत आपण पैसे रंगाचे मोजतो, आणि मोजायला हवेत ते खात्रीचे.

टंचाईच्या काळातला हिशेब आज चालत नाही

आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनात एक समज पक्का आहे, "गाडीचा भाव मोडत नाही." हा समज लायसन्स-परमिट राज्याची देणगी आहे. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली. किंमत पन्नास हजारांच्या आसपास, पण नंबर लागायला वर्षे. ज्याचा नंबर लागला, तो गाडी दारात आणण्याआधीच 'ऑन' घेऊन विकून मोकळा होई. बजाज स्कूटरचीही तीच गत होती. वापरलेली वस्तू नव्यापेक्षा महाग, असा चमत्कार त्या काळात या देशाने पाहिला. तो भाव गाडीचा नव्हता, सरकारने निर्माण केलेल्या टंचाईचा होता. १९९३ मध्ये मोटारी बनवण्यावरचे परवान्याचे बंधन उठले, कंपन्या आल्या, गाड्या मुबलक झाल्या आणि 'ऑन' संपला.

आज नवी गाडी शोरूमच्या बाहेर पडली की तिचा भाव घसरायला लागतो. किती घसरतो याचा एक आधार आपल्या हाताशी आहे. गाडीचा विमा उतरवताना तिची किंमत कशी धरायची, याचा तक्ता ठरलेला आहे. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. ही घट कंपनीच्या आजच्या किमतीवर मोजतात, मालकाने त्या वेळी काय मोजले यावर नाही. म्हणजे आज आठ लाखांना मिळणारी गाडी पाच वर्षांची झाली की विम्याच्या हिशेबात ती चार लाखांची. बाजारभाव याच्या थोडा वर किंवा खाली असेल, पण बोलणी सुरू करायला हा आकडा दलालाच्या आकड्यापेक्षा बरा.

"मी साडेनऊ लाखांना घेतली होती हो," असे मालक म्हणेल. त्याने काय दिले याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही त्याच हिशेबाने उतरला पाहिजे. ही साधी गोष्ट दलाल आपण होऊन सांगणार नाही, आपणच विचारली पाहिजे.

मोटारींचे शौकीन आणि जाणकार वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की चार ते सात वर्षांची गाडी घ्यावी. कारण सर्वांत मोठी घट पहिल्या मालकाने सोसलेली असते आणि गाडीत अजून जीव असतो. हे मत मला पटते. पंधरा वर्षांच्या काठावरची गाडी स्वस्त दिसते, पण खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांचीच असते. पुढे फेरनोंदणी करायची तर १ एप्रिल २०२२ पासून मोटारीची फी ६०० वरून ५,००० रुपयांवर गेली आहे आणि पर्यावरण कर वेगळा. स्वस्ताईचा अर्धा भाग तिथेच संपतो.

लिंबू आणि तांदळातले खडे

जुन्या गाडीच्या बाजारावर एका अर्थशास्त्रज्ञाने लेख लिहिला आणि पुढे त्या कामासाठी त्याला नोबेल मिळाले, हे ऐकून आश्चर्य वाटेल. त्याचे नाव जॉर्ज अकरलॉफ. लेख १९७० चा, नोबेल २००१ चे. अमेरिकेत खराब निघालेल्या गाडीला 'लिंबू' म्हणतात. अकरलॉफचा मुद्दा असा: विकणाऱ्याला माहीत असते की गाडी चांगली आहे की लिंबू. घेणाऱ्याला माहीत नसते. समजा चांगल्या गाडीचा रास्त भाव चार लाख आहे आणि खराब गाडीचा दोन लाख. घेणारा ओळखू शकत नाही, म्हणून तो मधला भाव देतो, तीन लाख. चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, तीन लाखांना मी कशाला विकू? तो गाडी घरीच ठेवतो किंवा भावाला, साडूला देतो. खराब गाडीचा मालक मात्र आनंदाने धावत येतो. मग बाजारात लिंबेच जास्त उरतात. घेणारे आणखी सावध होतात, भाव आणखी पाडतात, उरल्यासुरल्या चांगल्या गाड्याही निघून जातात.

हा माणूस तो लेख प्रसिद्ध होण्याआधी वर्षभर भारतात राहून गेला होता. लेखात त्याने आपल्याकडचे उदाहरण दिले आहे ते बाजारातल्या तांदळाचे. त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि घरच्या बाईला ते निवडत बसावे लागते. अप्रामाणिक विक्रेता एका गिऱ्हाइकाचेच नुकसान करतो असे नाही, तो प्रामाणिक विक्रेत्यालाही बाजारातून हाकलतो.

कापूसवाल्याला हे नव्याने समजावण्याची गरज नाही. निवडक, कोरडा, पिवळट पाकळी नसलेला कापूस आणि पाणी मारलेला कापूस यांना एकाच ढिगाचा भाव मिळाला की पुढच्या वर्षी निवडून वेचणी कोण करणार? जिथे माल ओळखण्याची सोय नाही, तिथे चांगल्या मालाला मरण असते.

यावर उपाय अकरलॉफनेही सांगितला आहे: हमी, नाव, दाखला. आपल्या भाषेत खात्री. पण खात्री फुकट मिळत नाही. ती मिळवावी लागते किंवा तिचे पैसे मोजावे लागतात.

नाव कंपनीचे, वाण मॉडेलचे, पोते आपल्या गाडीचे

शौकीन मंडळींच्या गप्पा ऐकल्या तर त्यांत दोन तट दिसतात. एक तट म्हणतो, नाव पाहा. अमुक कंपनीची गाडी कधी बंद पडत नाही, भाव टिकतो, जास्त पैसे गेले तरी तीच घ्या. दुसरा तट म्हणतो, नावाचे पैसे कशाला? आतले यंत्र पाहा. या दुसऱ्या तटाकडे एक भक्कम उदाहरण आहे. फियाटचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन फियाटच्या पुंटोत होते, मारुतीच्या स्विफ्टमध्ये होते आणि टाटाच्या व्हिस्टातही होते. इंजिन तेच. तरी जुन्या बाजारात स्विफ्टला जो भाव मिळे, तो पुंटोला मिळत नसे.

म्हणून पुंटो घेणारा शहाणा म्हणायचा का? पुण्या-मुंबईत राहणारा, ओळखीचा मिस्त्री असलेला शौकीन असेल तर कदाचित हो. आपल्यासाठी नाही. हा कमी भाव इंजिनाचा नव्हता. सुटे भाग कुठे मिळतील, दुरुस्ती कोण करील आणि उद्या ही गाडी परत घ्यायला कोण येईल, या तीन शंकांचा तो भाव होता. त्या शंका खोट्या नव्हत्या. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात शेवरोलेची विक्री थांबवली. आपल्या रस्त्यांवर वडाप करणाऱ्या टवेरा एका दिवसात निपुत्रिक झाल्या. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. यांतल्या कित्येक गाड्या यंत्र म्हणून उत्तम होत्या आणि आजही स्वस्तात मिळतात. पण तालुक्याच्या गॅरेजात क्लचप्लेटसाठी पंधरा दिवस थांबावे लागत असेल आणि इकडे वेचणीच्या बाया ने-आण करायच्या असतील, तर ती स्वस्ताई महागात पडते.

माझे मत असे: कंपनीचे नाव म्हणजे बियाण्याच्या कंपनीचे नाव, मॉडेल म्हणजे वाण आणि आपल्यासमोर उभी असलेली गाडी म्हणजे हातात आलेले पोते. वाण कितीही नावाजलेला असो, पोते ओलीत राहिले असेल तर उगवण होत नाही. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहिल्याशिवाय आपण घरचे सोयाबीन पेरत नाही. मग तीन लाखांच्या गाडीची उगवण नको पाहायला?

वाण निवडताना आपला नियम सोपा ठेवावा. जिचे सुटे भाग तालुक्याला मिळतात, जी गावच्या किंवा शेजारच्या मिस्त्रीने अनेकदा खोललेली आहे आणि जिच्यासारख्या दहा-वीस गाड्या आपल्या टापूत धावतात, तीच घ्यावी. मोठ्या परदेशी नावाची आलिशान गाडी सहाव्या वर्षी नव्या लहान गाडीच्या भावात मिळते खरी. पण तिचा सुटा भाग त्या वेळीही आलिशानच असतो.

डिझेलबद्दल एक इशारा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक आले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत धूर अडवणारी गाळणी असते. ती साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर बराच वेळ वेगात पळवावी लागते. रोज गाव ते शेत आणि शेत ते गाव अशा आठ-दहा किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्याची ही गाळणी तुंबते आणि खर्च मोठा येतो. वर्षाला फार किलोमीटर होत नसतील, तर नव्या जमान्यातली डिझेल गाडी घेण्याआधी दहादा विचार करावा.

बैल पाहतो तशी गाडी पाहा

बैलबाजारात आपल्याला कोणी सहज फसवू शकत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, जुंपून पाहतो. हेडीने शिंगे कितीही रंगवू देत, आपली नजर खांद्यावर असते. गाडीचेही दात-खूर आहेत.

१. गाडी पाहायला जाण्याआधी सांगून ठेवा की इंजिन थंड असू द्या. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर समजा, सुरू होताना काहीतरी अडचण आहे आणि ती लपवली आहे. तास-दोन तास थांबा किंवा दुसऱ्या दिवशी या.

२. धूर पाहा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे, मोठे काम येणार. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर आत पाणी जात असण्याची शंका घ्या. ऑइल भरायचे झाकण उघडा. आत दुधाळ चहासारखा थर असेल तर पाणी आणि ऑइल एकत्र होते आहे. अशा गाडीजवळ थांबू नका.

३. किलोमीटरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, तो मागे फिरवता येतो. ब्रेक-क्लचच्या पायपट्टीचे रबर, स्टेअरिंगची झीज, ड्रायव्हरची बसकी गादी हे खरे साक्षीदार. काटा ४०,००० दाखवतो आणि पायपट्टी गुळगुळीत झाली आहे, तर खोटे कोण बोलते ते उघड आहे. गाडी कंपनीच्या केंद्रात दुरुस्त होत असेल तर तिथल्या नोंदीत दर वेळचे किलोमीटर असतात. मालकाला सोबत घेऊन ती नोंद पाहा.

४. टायरच्या कडेला चार आकडे असतात. ३२२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. तीन वर्षांची गाडी आणि टायर पहिलेच आहेत असे सांगतात, पण तारीख गेल्या वर्षीची निघाली, तर बदल का झाला ते विचारा. टायर एका बाजूने जास्त झिजला असेल तर चाकांची किंवा चेसिसची गडबड आहे.

५. दरवाजाचे रबर उचलून आतली कड पाहा. कंपनीचे टाके सारख्या अंतरावर, गोल असतात. ठोकून-जोडून काढलेली गाडी तिथे उघडी पडते. रंगाची छटा उन्हात पाहा, शेडखाली नाही.

६. पायाखालचे गालिचे उचला. खाली वाळलेला गाळ, सीटच्या पट्ट्यांना गंज, कुबट वास असेल तर गाडी पुरातली आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईत आणि डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. असा पूर आला की बुडालेल्या गाड्या स्वस्तात उचलून, वाळवून, लांबच्या जिल्ह्यांत विकण्याचा धंदा चालतो. बुडालेल्या गाडीची वायरिंग कधी दगा देईल ते सांगता येत नाही.

आणि शेवटी, आपला मिस्त्री आपल्या खर्चाने न्या. त्याची रोजी द्या, जेवण द्या. दलालाने नेमलेला मिस्त्री दलालाचाच असतो. हजार रुपये वाचवण्यासाठी लाखाचा जुगार खेळू नये.

गाडीचा सातबारा

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. जमीन घेताना आपण सातबारा पाहतो, बोजा पाहतो, फेरफार झाल्याशिवाय झोपत नाही. गाडीचा सातबारा म्हणजे आरसी बुक. त्यावर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असतो, त्याला एचपी म्हणतात. कर्ज फिटले असे तोंडी सांगून भागत नाही. कर्ज देणाऱ्याचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ देऊन आरटीओत बोजा उतरवावा लागतो. चेसिस आणि इंजिनचा नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून नोंदणी आणि विम्याची मुदत पाहा. थकलेली ई-चलने निघाली तर ती आधी मालकाने भरावीत.

परराज्यातल्या गाडीला भुलू नका. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढील डिझेल आणि पंधरा वर्षांपुढील पेट्रोल गाड्यांवर बंदी होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम केली आणि २०२५ मध्ये काहीशी सैल केली. या काळात तिकडच्या गाड्या मिळेल त्या भावाला बाहेर निघाल्या. इकडे १२ महिन्यांहून जास्त वापरायची तर महाराष्ट्राची नोंदणी घ्यावी लागते आणि त्यासाठी मूळ आरटीओचा ना-हरकत दाखला व इथला कर लागतो. तो कर किमतीत मिळवा आणि मग स्वस्ताई किती उरते ते पाहा.

घेणाऱ्याचे नुकसान फार तर गाडीच्या किमतीइतके. विकणाऱ्याचे त्याहून मोठे होऊ शकते, आणि हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टँपवर लिहून दिले, पैसे घेतले, कोऱ्या नमुन्यांवर सह्या केल्या आणि जीप दिली सोडून. ती जीप एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या हातात जाते. आरसीवर नाव आपलेच राहते. उद्या त्या जीपखाली माणूस आला आणि विमा नसला, तर नुकसानभरपाई कोणाकडून? सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी हा प्रश्न निकाली काढला. त्या प्रकरणात गाडी २००७ मध्ये विकली होती, पुढे ती अनेक हातांतून गेली होती आणि अपघात २००९ मध्ये झाला. न्यायालयाने सांगितले की ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. पन्नास हजारांना विकलेल्या जीपपायी बापजाद्यांच्या जमिनीवर टाच येऊ शकते.

कायदा साधा आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५०. एकाच राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे, घेणाऱ्याने ३० दिवसांत. त्यासाठी नमुना २९ आणि ३०. विमा नव्या मालकाच्या नावे करण्यासाठीही १४ दिवसांतच अर्ज करायचा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना अधिकृतता प्रमाणपत्र घेण्याची तरतूद आहे. अशा विक्रेत्याच्या ताब्यात गाडी दिल्याची सूचना नमुना २९-सी मध्ये दिली की पुढची जबाबदारी त्याच्यावर जाते. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा, "अधिकृत प्रमाणपत्र आहे का?" नसेल तर गाडी सोडताना थेट घेणाऱ्याच्या नावावर चढल्याशिवाय पूर्ण पैसे मिळाले तरी समाधान मानू नका.

गाडीचाही उत्पादनखर्च काढा

कापसाचा उत्पादनखर्च काढायला आपण शिकलो. गाडीचाही काढावा. उदाहरणादाखल, तीन लाखांची गाडी घेतली आणि पाच वर्षांनी सव्वा लाखाला विकली. पावणेदोन लाख गेले, म्हणजे वर्षाला ३५,०००. वर्षाला ६,००० किलोमीटर फिरलो तर किलोमीटरमागे जवळजवळ सहा रुपये. इंधन, विमा, टायर, दुरुस्ती आणि कर्जाचे व्याज वेगळे, आणि जुन्या गाडीवरचे कर्ज नव्यापेक्षा महाग असते. हा आकडा गावातल्या भाड्याच्या गाडीच्या दराशेजारी ठेवा. वर्षाला दोन हजार किलोमीटरच होणार असतील तर गाडी दुसऱ्याची बरी. हे हिशेबाने ठरवावे. सोयऱ्याच्या दारात गाडी आली म्हणून ठरवू नये.

आणि हेच खाते विकताना कामी येते. ऑइल बदलल्याची पावती, टायरचे बिल, दुरुस्तीची तारीख आणि किलोमीटर एका वहीत लिहून ठेवले, तर आपल्या गाडीबद्दलची घेणाऱ्याची शंका कमी होते. शंका कमी झाली की भाव वाढतो. चांगला माल असूनही मधल्या भावाला विकण्याची पाळी येत नाही.

माझी सूचना अशी आहे. प्रत्येक गावाने एक वही ठेवावी. कोणी कोणती गाडी, कोणत्या सालची, किती किलोमीटरला, किती रुपयांना घेतली, काय बिघडले, किती खर्च आला, पाच ओळींत लिहावे. फसगत झाली असेल तर तीही लाज न बाळगता लिहावी. जिल्ह्याच्या बैठकीला त्या वह्या एकत्र आल्या, तर आपल्या टापूतल्या रस्त्यांवर कोणती गाडी टिकते आणि तिचा रास्त भाव काय, याचे ज्ञान कोणत्याही दलालापेक्षा आपल्याकडे जास्त असेल. दलालाची सारी कमाई आपल्या अज्ञानावर चालते. ते कमी करायला सरकारकडे अर्ज करावा लागत नाही.